शिक्षणाच्या वर्षांवरून मानाची उतरंड?

जितकी अधिक वर्षे शिक्षण, तितका अधिक मान, म्हणून डॉक्टर सर्वांत वर आणि सुईण, परिचारिका, सफाई कामगार क्रमाने खाली, असा आरोग्यसेवेत कोणाला किती मान द्यावा या चर्चेतील एका प्रतिसादाचा सूर आहे. डॉक्टरांविषयीच्या आदराबद्दल दुमत नाही. ही उतरंड मात्र पटत नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते: पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात सुमारे १० टक्के माता दगावल्या, दुसऱ्यात सुमारे ४ टक्के. पहिल्या विभागात दाखल करू नये म्हणून स्त्रिया अक्षरशः विनवण्या करीत. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येतात, सुइणी ते काम करीत नाहीत, हे तेथीलच एक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी हेरले आणि १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले, तेव्हा तेथील मृत्यू झपाट्याने घटले. (सुइणी अधिक निष्णात होत्या असे यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य.) तरीही आपल्याच हातांनी रोग पसरतो ही गोष्ट अनेक नामवंत डॉक्टरांनी स्वीकारली नाही, आणि १८४९ मध्ये सेमेलवाइस यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही. प्रतिष्ठेचा असाही परिणाम होतो.

आजही शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारा कर्मचारी रुग्णाच्या नजरेस पडत नाही, पण त्याच्या कामात कसूर झाली तर शल्यविशारदाचे सारे कौशल्य वाया जाऊ शकते. मान कोणाला द्यावा याच्या या चर्चेतील याद्यांत त्याचा उल्लेख कोणीच केलेला नाही.