बऱ्याच वर्षांनी परत एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) घेताय? नवी हार्डटेलच घ्या

मुरूमवाट
कॉलेजात वेताळ टेकडीवर सायकल घालणारे आणि पुढे नोकरी-संसारात ती सुटलेले बरेच जण आता पंचेचाळिशीच्या आसपास परत येतायत. प्रश्न सगळ्यांचा एकच: जुनी दुरुस्त करू, नवी घेऊ, की थेट फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी? माझं मत ठाम आहे. नवी हार्डटेल घ्या. म्हणजे मागे शॉक (धक्के शोषणारा भाग) नको, पुढे १२० मिमी दबणारा हवेचा फोर्क (पुढचं चाक धरणारा काटा) आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक.

मधल्या काळात एमटीबीची ठेवणच बदलली. नव्वदच्या दशकातल्या सायकलचा फोर्क जमिनीशी ७१ अंशांच्या आसपास, जवळजवळ उभा. स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) १०० मिमी, हँडलची रुंदी जेमतेम ६०० मिमी. उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर यायचा. आताच्या ट्रेल हार्डटेलचा फोर्क ६५-६६ अंशांना कललेला असतो, स्टेम ४०-५० मिमी, हँडल ७६०च्या पुढे. पुढचं चाक आपल्यापासून लांब गेल्यामुळे दगडाला अडकलं तरी हँडलवरून फेकले जाण्याचा धोका कमी होतो. अंगातली सवय गेलेली असताना याची किंमत फार मोठी आहे.

घेताना मागचं हब (चाकाचा मधला भाग) नक्की बघा. स्वस्त एमटीबीत आट्यांवर बसणारं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांडीचा) टोकाकडचा भाग आधाराशिवाय सुटतो. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस दगडांवरून नेऊ लागला की एक्सल वाकतो, कधी तुटतोही. फ्रीहब (फिरण्याची यंत्रणा हबमध्येच) आणि त्यावर सरकवून बसवलेली चक्रं, म्हणजे कॅसेट, असेल तर आधार टोकाजवळ मिळतो. दुकानात रंग दाखवतात, गिअर मोजून दाखवतात, हे मात्र आपणच विचारावं लागतं.

जुनी_सव्वीस
अजिबात पटलं नाही. गोडी परत लागणार की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याला एवढा खर्च का करायला लावताय?

चढाचाच हिशोब घ्या. नव्यात पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र, मागे मोठ्यात मोठं ५१. जुन्या तीन चक्रांच्या सायकलला पुढे २२, मागे ३४. चाकाचा घेर धरून पाहा: पॅडलच्या एका फेरीत २९ इंची नवी साधारण १.४३ मीटर जाते, २६ इंची जुनी १.३४. म्हणजे सर्वांत हलका गिअर जुन्याचाच! टायर, ट्यूब, केबली, चेन आणि ब्रेकचे रबर बदला, हबमध्ये ग्रीस भरा. २६चे टायर अजून मिळतात. एक हिवाळा चालवा, मग ठरवा.

मुरूमवाट
दादा, गिअरचा हिशोब बरोबर आहे. पण परत येणारा माणूस चढाला दमला तर उतरून ढकलतो. पडतो तो उताराला. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रिमला लागला की रिमवर धरणारे ब्रेक पकडतही नाहीत आणि रिमही खातात. शिवाय वर्षानुवर्षं जिन्याखाली पडलेल्या फोर्कची सील वाळलेली असतात आणि त्या मॉडेलचे भाग मिळणं अवघड असतं.

कॅलिफोर्नियाकर
मी पन्नाशीत परत सुरुवात केली, ती फुल सस्पेन्शनवर, आणि तेच सुचवेन. मागचा शॉक केवळ आरामासाठी नसतो. खडबडीत चढावर बसून पॅडल मारताना मागचं चाक जमीन सोडत नाही, पकड टिकते. हार्डटेलवर तोच धक्का सरळ कमरेत येतो. कमरेचं दुखणं असलेल्याला तुम्ही हार्डटेल द्याल का?

मुरूमवाट
कमरेचं दुखणं असेल तर नाही देणार, तिथे तुमचं मान्य. बाकीच्यांसाठी अडचण पैशांची आणि देखभालीची आहे. चांगली फुल सस्पेन्शन आपल्याकडे लाखाच्या बरीच वर जाते. त्याखालच्या पैशात मिळते तिचा मागचा शॉक म्हणजे नुसती स्प्रिंग, प्रत्येक पॅडलला सायकल डुलते आणि जोर वाया जातो. मागच्या सांध्यांची बेअरिंगं चिखलात लवकर जातात. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या फोर्कचा खालचा भाग दर ५० तासांनी खोलून तेल बदला असं सांगते. मागचा शॉक आला की हे काम दुप्पट. पुण्या-मुंबईबाहेर ते करणारा मेकॅनिक शोधावा लागतो.

सई_टेकडी
तुम्ही सगळे चाकावर आणि शॉकवर बोलताय, मापावर कुणीच नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. दुकानात मला मीडियम फ्रेमची २९ इंची दाखवली, ‘सीट खाली केली की झालं’ म्हणून. सीट खाली केल्याने फ्रेमची लांबी कमी होत नाही. हात ताणून बसलं की खांदे दुखतात आणि उतारावर मागे सरकता येत नाही. मी २७.५ची स्मॉल घेतली. आधी फ्रेमचा दांडा दोन पायांच्या मधे घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहून बघा, दांड्याच्या वर चार बोटं तरी जागा हवी. मग बाकीचं.

खडकवासला_रोज
खरं सांगा, यातले किती जण टेकडीवर जाणार? बहुतेकांची फेरी धरणापर्यंतची, डांबरीच. त्यांनी हायब्रिड (रस्त्यासाठीची, बारीक टायरची सायकल) घ्यावी. डांबरावर एमटीबीचे जाड गोट्यांचे टायर ओढण्यात दम जातो आणि सायकल पुन्हा कोपऱ्यात जाते.

मुरूमवाट
डांबरच असेल तर हायब्रिड, वाद नाही. पण धागा मुरमावर जाणाऱ्यांसाठी आहे. सई, मापाचं तुमचं बरोबर. मीडियमची २९ आणि स्मॉलची २७.५ यांत दुसरीच घ्यावी.

जुनी_सव्वीस
ब्रेकचा मुद्दा मी घेतो. पण २००५च्या पुढच्या बऱ्याच फ्रेमना डिस्कची जागा असते. हायड्रॉलिक ब्रेक, ५० मिमीचा स्टेम आणि रुंद हँडल लावलं तर तुमची नवी ठेवण निम्म्याहून कमी पैशांत मिळते की.

मुरूमवाट
ब्रेक मिळतील, ठेवण नाही. त्या फ्रेम लांब स्टेम धरूनच आखलेल्या असतात, म्हणून वरचा दांडा आखूड. स्टेम ५०चा केला की चालवणारा आक्रसून बसतो, उभं राहून पॅडल मारताना गुडघे हँडलजवळ येतात. आणि फोर्क तसाच उभा राहतो. ७० मिमीपर्यंत या, हँडल ७००चं लावा, एवढं ती फ्रेम सोसेल. जुनीच चालवायची ठरवली असेल तर पैसे आधी ब्रेकवर आणि पुढच्या टायरवर घाला.