'खातं रिकामं करा आणि दिवाळखोरी घ्या' म्हणे!

जमाखर्च
काल इथे एकाने सल्ला दिला: 'हप्ते झेपत नसतील तर खात्यातले पैसे बायकोच्या नावावर वळवा, दिवाळखोरीचा अर्ज टाका, सुटलात.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण.

अर्ज टाकणार कुठे? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग लागू झालाय तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, डिसेंबर २०१९ पासून. साध्या पगारदाराला मुंबईत १९०९ चा नादारी, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा, बाकी महाराष्ट्रात १९२० चा. त्या १९२० वाल्यात अर्जासाठी किमान कर्ज ५०० रुपये आहे, यावरून तो कधीपासून झोपलाय ते ओळखा.

आणि बायकोच्या नावावर? फुकट दिलेल्या पैशाला दोन वर्षं उलटायच्या आत अर्ज झाला आणि तुम्ही नादार ठरलात, तर तो व्यवहार रद्द करता येतो. यूपीआयचा माग पुसायला काही रबर मिळत नाही.

करायचं ते वेगळंच. पगाराचं खातं आणि थकलेलं कर्ज एकाच बँकेत असेल तर पगार दुसऱ्या बँकेत घ्या. थकबाकीपोटी बँक तुमची जमा परस्पर वळती करून घेऊ शकते, कोर्टाची पायरी न चढता. दिवाळखोरीचा अर्ज केलातच, तर नवं खातं त्यात स्वच्छ दाखवा. आणि जुन्या खात्यावर नॅच, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, तसंच ठेवून गप्प बसू नका. दर बाउन्सला दंड लागतो, शिवाय चेक न वटल्यासारखीच फौजदारीही होऊ शकते.

तळ्यात_मळ्यात
वा! सभ्य भाषेत टोपी घालायचा क्लास उघडलाय. 'पगार याच खात्यात येईल' अशा अटीवर सही करून कर्ज घ्यायचं, मग खातं हलवायचं. मी पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, मला कोणी अंगठा दिला नाही.

निवांत
पोटाला चिमटा काढायला पोटात काही लागतं. नोकरी गेली, मधले हप्ते राहिले, नवी लागली. पहिल्या पगाराचा मेसेज आला, एटीएमवर शिल्लक दिसत होती आणि पैसे निघेनात. शाखेत खिडकीवरची बाई मान वर न करता म्हणाली, 'होल्ड आहे, पैसे रोखलेत, रिकव्हरीला विचारा.' रिकव्हरीवाले रोज सकाळी फोन करायचे, त्या दिवशी मी लावला तर उचलेनात. त्या महिन्याचं घरभाडं मेव्हण्याने भरलं. तो अजून ऐकवतो.

भोचक
कर्जदारासाठी सगळे रडताहेत. जामीनदाराचं कोण बोलणार? साहेबाच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी सही दिली. तो नोकरी सोडून पसार. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि कपात माझ्या पगारातून! त्याचे सहलीचे फोटो मात्र नियमित दिसतात. डोंगरावर गॉगल लावून उभा.

तळ्यात_मळ्यात
सही करताना डोळे कुठे होते?

भोचक
समोर. साहेब बसला होता तिथेच. माझी बढती त्याच्या टेबलावर होती. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात, माहितेय. तुम्ही तर पोटाला चिमटेही काढता.

तळ्यात_मळ्यात
व्यक्तिगत उतरू नका.

भोचक
टोपीचा क्लास कोणी काढला आधी?

कलमकसाई
भांडा, पण नीट. करार कायदा, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. 'आधी त्याला गाठा' म्हणता येत नाही. कर्जदार नादारीतून मोकळा झाला तरी जामीनदार अडकलेलाच. कोर्टाच्या जप्तीत मात्र पगाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सुटतो. पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशेब वेगळा. पीएफला तर हातच लावता येत नाही.

निवांत
हे त्या बँकेला सांगा. ती कोर्टात गेलीच नाही.

कलमकसाई
तीच तर मेख. ती सूट जप्तीपुरती. होल्ड लावला की आधी बँकेला लेखी तक्रार, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तोंडी भांडणाचा पुरावा उरत नाही.

जमाखर्च
धागा खात्याचा होता, जामिनात गेला. असो. तळ्यात, करारात पगाराची अट असेल तर आधी बँकेशी लेखी बोला, इतपत तुमचं घेतो. पण अट नसताना खातं हलवणं ही टोपी कशी, ते अजून सांगितलं नाहीत.

तळ्यात_मळ्यात
बरं बाबा, अट नसेल तर हलवा, हार घालतो तुम्हाला. पण सोयीचीच कलमं का? नादार माणसाने ५० रुपयांची उधारी घेतली तरी 'मी नादार आहे' हे आधी सांगावं लागतं, नाहीतर कैद. हे का नाही लिहिलंत?

कलमकसाई
१९२० च्या कायद्याचं कलम ७२, सहा महिन्यांपर्यंत. बरोबर आहे. चक्क वाचून आलात, अभिनंदन.

भोचक
मग त्या कलमाखाली साहेबाला आत टाकता येईल का?

कलमकसाई
त्यासाठी आधी कोर्टाने त्याला नादार ठरवायला हवं. नुसतं पसार असून भागत नाही.