पावसात पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायवाटा रुंद होत चालल्यात, काय करता येईल?

सकाळचाफिरस्ता:
मी पंचवटीच्या बाजूने टेकडीवर जातो. जुलै लागला की वाटेच्या मधोमध राडा होतो, मग सगळे कडेच्या गवतातून जातात, दोन दिवसांत तिथेही चिखल, की अजून बाहेरून. एकामागे एक चालायची वाट आता जीप जाईल एवढी झालीय. कोणी म्हणतं मुरूम टाका, कोणी म्हणतं फरश्या घाला. टेकडीवर काँक्रीट मला तरी नकोय.

मातीवेडा:
मूळ दुखणं कडेने जाणं हेच आहे. खाली बेसॉल्टचा कातळ, वर माती काही ठिकाणी जेमतेम वीतभर. ओली माती पायाखाली दबली की पाणी मुरत नाही, वाटेवरूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. आणि कडेचं गवत, कवला वगैरे बी धरायच्या आधीच तुडवलं तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय? बूट भरले तरी चालतील, मधूनच जा.

दोनचाकं:
सायकलवाल्यांनो, थांबून मागे बघा, टायरची खाच राहिली असेल तर तिथूनच परत फिरा प्लीज. उतारावर मागचा ब्रेक दाबून घसरत आलं की सरळ चर पडतो आणि पुढच्या सरीला सगळं पाणी त्यातूनच पळतं. मुरमाड भाग लवकर वाळतो, काळ्या मातीचा नाही, तिथे ऊन पडल्यावरही एक-दोन दिवस जाऊ नका.

दगडधोंडे:
नुसता मुरूम पहिल्या जोरदार पावसात खाली येतो. आधी पाणी वाटेवरून बाहेर काढा. मोठे दगड वाटेला तिरके, निम्मे जमिनीत गाडून लावायचे, म्हणजे खालच्या टोकाने पाणी गवतात उतरतं. काटकोनात आडवे लावले तर मागे गाळ साचून पाणी वरून उडी मारतं आणि पुढे खड्डा पडतो. तिरके लावले तरी ते टोक गाळाने बुजतंच, पावसाळाभर फावड्याने मोकळं करत राहावं लागतं, लोक नेमकं हेच विसरतात. दगड लावायचं काम मे महिन्यात करा, आणि बराच भाग वनखात्याचा आहे तेव्हा आधी परवानगी घ्या.

सकाळचाफिरस्ता:
धन्यवाद सगळ्यांना! वळणावर जे शॉर्टकट पडलेत ते फांद्या टाकून बंद केले तर?

मातीवेडा:
चालेल, पण दोन्ही तोंडांशी टाका, नाहीतर खालून येणाऱ्याला कळत नाही. वाळलेल्या, पडलेल्याच घ्या. ग्लिरिसिडियाच्या ओल्या फांद्या तर अजिबात नकोत, पावसात त्या सहज रुजतात.