दगडखाणीच्या आराखड्यात भूकंपाचं काय लिहायचं?

बोरामणीकर
राम राम मंडळी. सोलापूर-हैदराबाद रोडला आमची दगडखाण आहे, लीज नूतनीकरणाला टाकलीय. खाण आराखड्यात भूकंप आणि भ्रंशांवर (जमिनीखालचा कातळ जिथं तुटून सरकतो त्या भेगांवर) एक पान मागितलंय. आराखडा करणाऱ्यानं एकच ओळ टाकली : ‘जवळपास भ्रंश नाही, सबब धोका नाही.’ त्र्याण्णवला मी सहावीत होतो. गणपती बोळवून झोपलो आणि पहाटे मांडणीवरची पितळी भांडी धडाधड अंगावर आली. त्या ओळीखाली सही करायला हात धजत नाही. काय करावं म्हणता?

कातळवेडा
सही करू नका. किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशात झोन एकमध्ये होती, म्हणजे सगळ्यांत निर्धोक! 30 सप्टेंबर 1993 ला 6.2 चा भूकंप तिथंच झाला. भ्रंश आधी कुणाच्या नकाशात नव्हता, कारण वर काळ्या पाषाणाचं पांघरूण. नंतर तिथं 617 मीटर बोअर घेतलं, तेव्हा 338 मीटरला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, संपला. आपल्याकडं ‘भ्रंश नाही’ म्हणजे ‘दिसत नाही’, एवढंच.

राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीतून खाणीभोवतीच्या तीनशे किलोमीटरमधले धक्के काढा. त्यात कोयनाही येईल (1967), पण ते प्रकरण धरणाच्या पाण्याचं, वेगळं मांडा. बारके धक्के गाळू नका. किल्लारीत आदल्या वर्षीच जमीन हलत होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर जमिनीतल्या कमजोर पट्ट्यांच्या रेषा आहेत, त्या बघा, कुरडुवाडीची रेषा सोडू नका. झोन एक 2002 ला रद्द झाला. 2002 च्या त्या नकाशात सोलापूर झोन तीनमध्ये आहे, तेही लिहा.

उमरग्याचा
आमच्याकडं अजून ट्रक गेला तरी म्हातारी माणसं उठून अंगणात येतात. तुमच्या सुरुंगाला गाव काय म्हणेल याचाही विचार करा की ओ. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात गावातल्या घरांसाठी कंपनाची मर्यादा दिलीय : कंपनाची वारंवारता आठ हर्ट्झखाली असेल, तर वेग सेकंदाला 5 मिलिमीटर. ब्लास्टच्या आधीच भिंतींच्या भेगांचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. नंतर कुणी ऐकत नाही.

बोरामणीकर
आज खाणीच्या बेंचवर (पायरीवर) जाऊन आलो. दोन पाषाणांच्या मधी लाल मातीचा पट्टा आहे, वीतभर. नखानं उकरला तर ओला लागला. हे पण लिहायचं का?

कातळवेडा
अहो, हेच आधी लिहा! किल्लारी तुमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, हा पट्टा तुमच्या कामगाराच्या डोक्यावर. पाणी मुरलं की लाल माती साबणासारखी होते. मग भूकंप कशाला, रोजच्या ब्लास्टनंही वरचा कातळ सरकेल. पट्टा कुठं कललाय?

बोरामणीकर
खड्ड्याकडं. आणि बरोबर वरून डंपरचा रस्ता जातो.

कातळवेडा
मग उद्या सकाळी पहिला रस्ता हलवा. पान मी वाचून देतो, पट्ट्याचा फोटो टाका. शेजारी मोजपट्टी धरून.