आदिवासी मुलींच्या नर्सिंग शिक्षणाला सेवेच्या बंधपत्राची अट असावी का?

धागाकर्ती, गडचिरोली:
डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा निकष आहे. निकषापेक्षा मला भाषेची चिंता अधिक वाटते. प्रसूतीच्या टेबलावरची बाई माडिया भाषेत काही सांगत असते, बाहेरून आलेली सिस्टर तिच्या नणंदेकडे पाहते, नणंद अर्धेमुर्धे मराठीत सांगते, आणि पाणमोट कधी फुटली या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. माडिया, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलींच्या एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) व जीएनएम (सामान्य परिचारिका व प्रसाविका) शिक्षणाचा सर्व खर्च शासनाने उचलावा आणि त्या बदल्यात स्वतःच्या तालुक्यात पाच वर्षे सेवेचे बंधपत्र लिहून घ्यावे, असे माझे मत आहे.

नंदुरबारकर:
ताई, हेतूबद्दल शंका नाही, पण अट मान्य नाही. पुण्याची मुलगी परिचारिका झाली की आखाती देशात जायचे की घराजवळ राहायचे हे ती स्वतः ठरवते. धडगावच्या मुलीला मात्र आपण शिकण्याआधीच डोंगराला बांधून टाकतो. शिष्यवृत्ती हा तिचा हक्क आहे, उसनवारी नव्हे. शिवाय अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखणारी राज्यपालांची अधिसूचना २०१४ मध्येच निघाली असून त्यांत सहायक परिचारिका प्रसाविकेचे पदही आहे. ही भरती वेळेवर झाली, तर परत येणाऱ्या मुली कमी पडणार नाहीत.

निवृत्त पाठ्यनिर्देशिका:
आपण दोघेही शिक्षण पुरे झालेल्या मुलीबद्दल बोलत आहात. मी पाहिलेल्या मुली त्याआधीच गळत. एक विद्यार्थिनी रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसून पुस्तकाच्या समासात ‘स्कॅप्युला’, ‘टिबिया’ असे देवनागरीत लिहून घेई आणि मग इंग्रजी स्पेलिंग घोकत बसे. वॉर्डात तिचा हात असा सराईत, की नवजात बाळाला पुसून, गुंडाळून आईच्या छातीशी देईपर्यंत बाळ रडायचेही थांबे. ती शरीररचनाशास्त्रात नापास झाली, शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत खानावळीचे बिल थकले, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलेली मुलगी परतली नाही. बंधपत्र कोणाकडून लिहून घेणार होतो आपण?

हिशेबी:
सहानुभूती आहे, तरीही परीक्षा सैल करण्याला माझा विरोध राहील. औषधाच्या कुपीवरचे नाव आणि मात्रा इंग्रजीतच छापलेली असते. भाषा येते म्हणून रक्तस्राव थांबवता येतो असे नाही. आणि गावाची भाषा हाच कळीचा मुद्दा असेल, तर परिचारिकाच का हवी? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत बेताचे शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि तीन वर्षांत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

निवृत्त पाठ्यनिर्देशिका:
परीक्षा सैल करा असे मी म्हटलेलेच नाही. पहिले सहा महिने इंग्रजीची स्वतंत्र शिकवणी द्या आणि शिष्यवृत्तीचे पैसे सत्र सुरू होतानाच द्या, एवढेच माझे मागणे आहे.

धागाकर्ती, गडचिरोली:
‘सर्च’चे काम मला शिरसावंद्य आहे, पण ते प्रामुख्याने बाळासाठी होते. बाळंतिणीचा रक्तस्राव सुरू झाला की इंजेक्शन भरणारा हात परिचारिकेचाच लागतो, आणि त्याच वेळी तिला धीर देणारी भाषाही. बंधपत्राबाबत मी थोडी मागे येते: पाचाऐवजी दोन वर्षे, आणि तेही शासकीय खर्चाने शिकणाऱ्या प्रत्येकीला, पुण्याच्या मुलीलासुद्धा.

नंदुरबारकर:
सर्वांना सारखी असेल तर अट मला चालेल. मात्र पाठवण्याआधी उपकेंद्राच्या निवासस्थानात नळाला पाणी आणि दाराला आतून कडी आहे का, हे कोणीतरी जाऊन पाहून यावे. एकट्या मुलीला तिथे रात्र काढायची असते.