जनावरं आपल्याला सरावलीत : तुमचे अनुभव लिहा

साळीचं शेत
परवा बाबांचा फोन आला, शेताला झटका तार, म्हणजे मशीनवरचं विजेचं कुंपण, ओढून घेतली म्हणून. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव, रानाला लागून भात. ऐकलं आणि आजोबांचा माळा आठवला. चार मेढी, वर गवताची खोपी, दोरीला बांधलेला तेलाचा रिकामा डबा. सुगीत मी त्यांच्यासंगं राखणीला जायचो. गवे उतरले की आजोबा दोनदा डबा वाजवायचे आणि घसा खाकरायचे. बस्स, कळप माघारी. मला वाटायचं, गवे आजोबांना ओळखतात!

आता फटाका लावला तरी गवा मान वर करतो, बघतो, परत खाली घालतो. भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, पण गवा हद्द बघून चरत नाही. आणि आम्ही तरी कुठं बघितली? आजोबांच्या वेळी आमच्यात ऊस नव्हताच. आता रानाच्या कडेपर्यंत ऊस, माळावर काजू.

तुमच्याकडं काय बदललंय?

कुंदाप्रेमी
रानडुकरं!! मामानं बॅटरीवरचा भोंगा आणला, मेमरी कार्डात कुत्र्यांचं भुंकणं. चार रात्री डुकरं फिरकली नाहीत. पाचव्या रात्री भोंग्याच्या बुडातलीच रताळी उकरली. मग मामानं त्यात मामीचा आवाज भरला. ते आठ दिवस चाललं 😂

निपाणीकर
मामीला ठाऊक हाय काय बे हे?

कुंदाप्रेमी
नाही. आणि तू सांगू नको.

टिळकवाडीची सून
आम्ही शहरातले, आमच्याकडं गवे कुठले. पण ऑगस्ट २०२२ आठवतंय ना? बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या, आजूबाजूच्या शाळा बंद. आमचा चिरंजीव रोज सकाळी उठून विचारायचा, "सापडला नाही ना अजून?" शोधायला शिवमोग्याकडच्या सक्रेबैल हत्ती कॅम्पातून हत्ती आणले तर लोक हत्ती बघायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, कचरा उघड्यावर टाका, त्यावर कुत्री पोसा आणि मग बिबट्या कसा आला म्हणून विचारा. (कचऱ्याची बादली त्याच कोपऱ्यावर रिकामी करतात, ते सोडा.)

निपाणीकर
आमच्या उसात तर बिबट्याचं बाळंतपणच. दोन वर्षांमागं तोडणीत फड निम्मा झाला आणि पाचटात तीन पिल्लं. टोळीतल्या बायका आधी मांजराची म्हणून उचलणार होत्या. वनखात्याची माणसं आली, हात लावू नका म्हणाली. संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली, रात्रीत आईनं एकेक करून नेली. वर्षभर उभा ऊस, पाणी, सावली, डुकरं, कुत्री. तिच्या हिशेबानं ते रानच की. तोडणी आली की तिचं घर मोडतं आणि आपण ओरडतो, बिबट्या गावात घुसला!

निवृत्त मास्तर
२०१८ साली 'सायन्स' नियतकालिकात जगभरातल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांचा एक आढावा आला होता. माणसाचा त्रास जिथे जास्त, तिथे प्राण्यांचं रात्रीचं वावरणं सरासरी १.३६ पट. म्हणजे जे जनावर दिवसा निम्मं, रात्री निम्मं फिरायचं, ते आता अडुसष्ट टक्के रात्रीच फिरतं. गोळी नको, नुसती आपली वर्दळ पुरते.

साळीचं शेत
मास्तर, हे जुळतंय. आजोबांच्या वेळी गवे दिवेलागणीला दिसायचे, आता बाबा म्हणतात बारानंतर. डब्याला भीत नाहीत, पण आपली झोपायची वेळ बरोबर धरलीय.

घाटवाली
चोर्ला घाटात वेफर्सच्या पुड्याचा नुसता चुरचुर आवाज आला की माकडं गाडीवर. आमच्या भावजींनी प्रेमानं एक फेकला, दुसरं माकड काचेतून हात घालून वन्संची पर्स घेऊन गेलं. पर्समध्ये गोव्याहून आणलेले काजू!! काजू खाल्ले, पर्स दरीत. येताना त्याच वळणावर एक पिल्लू गाडीखाली मेलेलं बघितलं. तेव्हापासून घाटात काच बंद, भावजींचे हातही बंद.

रानभुला
तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ कुणाला माहीत आहे? शंभरावर वर्षांमागं इथंच सापडलं, कितीतरी वर्षं जगात दुसरीकडं ठाऊकच नव्हतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. गुहेत टॉर्च मारत, हाका देत जाणारे भेटतात. पिल्लांच्या दिवसांत आया दचकून उडाल्या की पिल्लं खाली. सेल्फीसाठी!

नंदगडचा
@साळीचं शेत झटका मशीन कितीला पडलं? आमच्यात लोक सरळ लाईट जोडूलालेत.

साळीचं शेत
दर बाबांना विचारून सांगतो. पण सरळ लाईट अजिबात नको, गुन्हा आहे. मशीन क्षणभर झटका देतं आणि सोडतं, जनावर मागं सरतं. लाईटची तार सोडत नाही. हत्ती मरतो, पहाटे पाणी सोडायला गेलेला माणूसही मरतो.

नंदगडचा
बरं. तोवर त्या मामीचं मेमरी कार्ड मिळंल काय? वानरं परसातले नारळ काढूलालीत.

कुंदाप्रेमी
बाजारदिवशी भेट. कुणाला बोलू नको तेवढं.

मामी_खानापूर
मी वाचूलालोय सगळं.