वृद्धाश्रमातल्या छळाची तक्रार: आत गेल्यावर पोलिसांनी बघायचं काय?

खाकी_गोंयकार
नमस्कार मंडळी. मी पोलीस उपनिरीक्षक, पोस्टिंग गोव्यातच. वृद्धाश्रमातल्या तक्रारींचा तपास कसा करायचा, यावर ठाण्यातल्या बारा जणांना एक तास शिकवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलंय. कायद्याची पुस्तकं आहेत, ती नकोत. अडतं ते वेगळ्या जागी. तक्रार आली की आम्ही जातो, मॅनेजर रजिस्टर दाखवतो, आजी म्हणते "कांय ना बाब", आणि आम्ही परत. तिथे नेमकं बघायचं काय?

निवृत्त_सिस्टर
बाब, मी 31 वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची नऊ ऑर्थो वॉर्डात. तुमचं ते "कांय ना बाब" मी अगदी जवळून ऐकलंय. ती आजी माझी आई होती.

मांडीचं हाड मोडल्यावर तिला चार महिने एका आश्रमात ठेवलं होतं. नाव सांगत नाही. मी तक्रार केली, दोन पोलीस आले, ऑफिसात बसले. चहा आला. आईला व्हीलचेअरवरून तिथेच आणलं. खुर्चीच्या दांड्या धरून मागे उभी कोण? जिच्याबद्दल तक्रार होती तीच मावशी. पोलिसांनी हिंदीत विचारलं, "माताजी, कोई तकलीफ?" आई म्हणाली, "ना." झाला तपास. त्या पोरांवर माझा राग नव्हता, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून आधी हे शिकवा, की ऑफिसात बसायचं नाही. खाटेपाशी जायचं, स्टूल ओढून डोळ्यांच्या पातळीला बसायचं, स्टाफला बाहेर पाठवायचं आणि कोंकणीत बोलायचं. तेही सकाळी, पेजेच्या आधी. विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं संध्याकाळकडे जास्त गोंधळतात, आणि मग तुम्ही लिहून मोकळे होता की "जबाब देण्याच्या स्थितीत नाही". "त्रास आहे का?" असं तर विचारूच नका. रात्री तहान लागली तर काय करता, आंघोळ कोण घालतं, असं विचारा. कानाचं मशीन लावलंय का, तेही बघा. पुष्कळदा ते कपाटात असतं.

मग पाणी. आईचा तांब्या खिडकीत होता, घासलेला, वर झाकण. फोटो काढला असता तर छान आला असता. फक्त तिचा हात तिथवर पुरत नव्हता. पाणी प्यायली तर लघवीला न्यावं लागेल ना!

कूस बदलल्याचा तक्ता मागा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात. आईच्या तक्त्यावर पंधरा दिवसांच्या टिका एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या. त्या दिवशीची शेवटची टिक चारची होती, आणि मी तो तक्ता बघत होते तेव्हा वाजले होते अडीच.

काळ्यानिळ्या डागांच्या बाबतीत मात्र सांभाळून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नुसत्या धक्क्यानेही डाग उठतो. डागाच्या रंगावरून दिवस मोजायला जाऊ नका, चुकाल. दंडावर एका बाजूला तीन-चार आणि दुसऱ्या बाजूला एक असे ठसे असले, तर कोणीतरी हात आवळून धरला होता का, हा प्रश्न नक्की विचारा. चादर उचलायची ती आजींना विचारून आणि महिला कॉन्स्टेबलसमोर. जखम कशाने झाली ते मात्र डॉक्टरला ठरवू द्या.

वकील_डिचोलीकर
सिस्टरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त कलमं जोडतो. जबाबाला म्हाताऱ्यांना ठाण्यावर बोलावू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा तो कायदा) कलम 179 प्रमाणे साठीपुढचे पुरुष, कोणत्याही वयाच्या स्त्रिया आणि गंभीर आजारी यांच्याकडे तुम्हीच जायचं. करार करून सांभाळायला घेतलेल्या असहाय माणसाची हयगय केली तर भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम 357 आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते अदखलपात्र, तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यावरच थांबू नका. खोलीला बाहेरून कडी असेल तर त्याच संहितेचं कलम 127 बघा, पेन्शनच्या पैशांत अफरातफर असेल तर 316. आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

रातपाळी
मी अशाच एका ठिकाणी कामाला आहे. सिस्टर, तुमचं पटतं, पण दुसरी बाजूही शिकवा. रात्री आम्ही दोघी आणि माणसं बावीस. दर दोन तासांनी बावीस जणांना वळवायचं? खोट्या टिका आम्हीच करतो, कारण तक्ता कोरा राहिला तर पगार कापतात. पोलीस आले की मावशीला धरून नेतात, मालक जामिनाची भाषा करतो. ड्युटीचं वेळापत्रक मागा आणि ते कोण ठरवतं ते विचारा.

निवृत्त_सिस्टर
खरं आहे गो तुझं. आईची ती मावशीही झारखंडची पोर होती, वीस-बावीस वर्षांची. मी तिच्याच नावाने तक्रार दिली होती. मालकाचं नाव मला सुचलंसुद्धा नाही.

खाकी_गोंयकार
एका तासात हे बसत नाही, साहेबांकडे दोन मागतो. स्टुलावर बसून विचारायचं प्रात्यक्षिकही घेईन म्हणतो. एक कॉन्स्टेबल आजी होईल, एक मागे उभी राहणारी मावशी. ठाण्यात खाट मात्र नाही.

निवृत्त_सिस्टर
माझ्याकडे आहे, हँडल फिरवून डोकं वर करायची. आईची. मागच्या पावसाळ्यापासून पडवीत ताडपत्रीखाली आहे. टेम्पो तुम्ही आणा.